दयेवर भरवसा कसा ठेवावा: माळ सोपी, अडतं ते कुमसारानंतर

ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ निम्मा सरला की माझा फोन वाजायला लागतो. इंदुरात मराठी कॅथलिक घरं थोडी, त्यातून रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणारी मी एक, त्यामुळे 'दैवी दयेची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, कशी करायची' हा प्रश्न फिरून माझ्याकडेच येतो. सोबत मोबाईलवर आलेला एखादा निरोपही असतो: ही प्रार्थना नऊ जणांना पाठवा, नवव्या दिवशी चमत्कार बघा. तो निरोप आधी पुसून टाका. देवाची दया साखळी योजनेत विकत मिळत नाही, आणि पुढे न पाठवल्यानं कुणाचं वाईटही होत नाही.

'हे आमच्या स्वर्गातील बापा' आणि 'नमो मरिये' तुम्हाला येतं, घरात कुठल्यातरी खणात एक रोझरी, म्हणजे जपमाळ, आहे, एवढं मी धरून चालते.

दिवस

गुड फ्रायडेला सुरुवात, ईस्टरनंतरच्या शनिवारी शेवट, दुसऱ्या दिवशी दैवी दयेचा रविवार. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ३० एप्रिल २००० रोजी पोलंडच्या सिस्टर फॉस्टिना यांना संत घोषित केलं आणि त्याच दिवशी हा रविवार जगभरच्या चर्चला दिला. वर्षात एरवी केव्हाही नऊ दिवस धरले तरी चालतं. प्रत्येक दिवशी वेगळ्या लोकांसाठी प्रार्थना असते. पहिल्या दिवशी सगळी मानवजात, विशेषतः पापी. दुसऱ्या दिवशी धर्मगुरू आणि व्रतस्थ. आठव्या दिवशी शुद्धीस्थानातले, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी शुद्ध होत असलेले, आत्मे. नवव्या दिवशी कोमट लोक, म्हणजे ना धड थंड ना धड गरम. त्या दिवशी मी स्वतःसाठीच प्रार्थना करते.

तसबीर

कुठलीही चालेल. लाल आणि फिकट किरणांची येशूची ती आकृती फॉस्टिनाबाईंना २२ फेब्रुवारी १९३१ रोजी प्वोत्स्कच्या मठात दिसली. १९३४ साली विल्नियसमध्ये चित्रकारानं पहिलं चित्र काढलं, तेव्हा ते पाहून त्या रडल्या, कारण जे पाहिलं होतं त्यापुढे ते फारच फिकं होतं. त्यावर त्यांना उत्तर मिळालं की ह्या चित्राचं मोठेपण रंगात नाही, कुंचल्यातही नाही, कृपेत आहे. तेव्हा 'आमच्याकडची मूळ चित्रासारखी नाही, चालेल का?' हे विचारू नका. दहा रुपयांचं कार्डही चालतं.

तसबिरीखालची ओळ मात्र नीट वाचा: 'येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे.' काही पुस्तिकांत 'विश्वास आहे' असं छापतात. चूक नाही, पण मला 'भरवसा'च हवा. देव आहे असा विश्वास पुष्कळांचा असतो. भरवसा वेगळा. शेजारणीच्या भरवशावर गॅसवर दूध ठेवून आपण खाली भाजी घ्यायला जातो ना, तो. दर दोन मिनिटांनी जिना चढून वर बघायला आलात, तर भरवसा कसला? शेजारीण बरी असेल, पण दूध तुम्हीच सांभाळताय.

तीन वाजता

प्रभूच्या मरणाची वेळ म्हणून दुपारचे तीन. एप्रिलमधल्या इंदुरात तीन वाजता कूलरसमोरून उठणं हीच एक तपश्चर्या आहे. पण बँकेच्या काउंटरवर असाल, वर्गात शिकवत असाल, तर मनातल्या मनात एक वाक्य पुरे. माळ संध्याकाळी करा. 'तीन टळले, आजचा दिवस बाद' असं सांगणारी माणसं मला भेटली आहेत. त्यांचं ऐकू नका.

माळ

नेहमीच्याच रोझरीवर. क्रूसाची खूण, एक 'हे आमच्या स्वर्गातील बापा', एक 'नमो मरिये', मग प्रेषितांचा विश्वासांगीकार.

मोठ्या मण्यावर: 'सनातन पित्या, आमच्या आणि सर्व जगाच्या पापांच्या प्रायश्चित्तासाठी, तुझा परमप्रिय पुत्र, आमचा प्रभू येशू ख्रिस्त ह्याचं शरीर आणि रक्त, आत्मा आणि देवत्व मी तुला अर्पण करते.'

दहा लहान मण्यांवर, प्रत्येकी एकदा: 'त्याच्या दुःखदायी यातनांखातर आमच्यावर आणि सर्व जगावर दया कर.'

असं पाच वेळा. शेवटी तीनदा: 'पवित्र परमेश्वरा, पवित्र सर्वसमर्था, पवित्र अमर देवा, आमच्यावर आणि सर्व जगावर दया कर.'

झालं. सात-आठ मिनिटं. शब्द पुस्तिकेगणिक थोडे बदलतात, तुमच्या घरात जे रुळलेत तेच ठेवा. आमच्या पॅरिशमध्ये माळ हिंदीत चालते, घरी मी मराठीत म्हणते, आणि घाईत कधी दोन्हींची खिचडी होते. मणी चुकला तर पुढे चला. 'आमच्यावर आणि सर्व जगावर' हे शब्द मात्र गिळू नका. ह्या प्रार्थनेत 'माझ्यावर' कुठेच नाही, हे माझ्या लक्षात यायला दहा वर्षं लागली.

कुमसार

माझी वसईची आजी कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली देण्याला, कुमसार म्हणायची, म्हणून मीही म्हणते. दयेच्या रविवारच्या पूर्ण दंडमुक्तीसाठी, म्हणजे क्षमा झालेल्या पापांची उरलेली शिक्षाही माफ होण्यासाठी, ते त्याच दिवशी केलं पाहिजे असं नाही, आधी किंवा नंतर साधारण वीस दिवसांत झालं तरी चालतं. त्यामुळे त्या रविवारी मिस्साआधी लांब रांग लावून फादरांचा जीव खाऊ नका. त्या दिवशी ख्रिस्तप्रसाद घ्यायचा आणि पोपमहोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना करायची.

आत गेल्यावर गंभीर पापं सांगायची: काय केलं आणि किती वेळा. गोष्ट सांगायची नाही. नवरा कसा वागला, सासू काय बोलली, हे तिथे नको. ते त्यांच्या कुमसारात येईल. आणि कुणाचं काही घेतलं असेल तर ते परत करायची तयारी ठेवून जा. दया म्हणजे उधारी बुडवण्याची सोय नव्हे. 'देव दयाळू आहे, चालतंय' असं म्हणत पाप करत राहणं, ह्याला चर्च आशेविरुद्धचं पाप म्हणतं. निराश होणं हेही त्याच खात्यातलं. दोन्ही टोकांना खड्डा आहे, पण माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं दुसऱ्या खड्ड्यातली असतात. मीही तिथलीच.

आणि आता जिथे अडतं ते

फादरांनी हात वर करून क्षमेचे शब्द म्हटले. तुम्ही बाहेर आलात, बाकावर बसून प्रायश्चित्ताची प्रार्थना केलीत. आता काय करायचं?

काहीच नाही. आणि हेच कुणाला जमत नाही.

माझं सांगते. आई गेली तेव्हा तिच्या चार पाटल्या होत्या. दोन मला, दोन धाकटीला, असं तिनं मला सांगून ठेवलं होतं. धाकटी त्या वेळी खोलीत नव्हती. मी चारही ठेवल्या. 'आईनं मलाच दिल्या' म्हटलं, आणि तिनं ते मानलं. सहा वर्षं त्या माझ्या लॉकरमध्ये होत्या. शेवटी कुमसारात सांगितलं, तर फादर म्हणाले, आधी परत करा. सुट्टीत वसईला गेले, तिच्या स्वयंपाकघरात तिच्या हातावर दोन पाटल्या ठेवल्या आणि खरं काय ते बोलले. महिनाभर तिनं माझा फोन घेतला नाही. मग एका सकाळी तिचाच आला, 'कैरीचं लोणचं पाठवतेय, बरणी परत दे.' तेव्हा मला कळलं की तिच्याकडून ते संपलं.

देवाकडूनही संपलं होतं. माझ्याकडून मात्र नाही. पुढची तीन वर्षं मी तेच पाप घेऊन फिरले. आधी आपल्या पॅरिशमध्ये, मग ओळख नको म्हणून महूला, सुट्टीत वसईला, एकदा तर रिट्रीटला आलेल्या पाहुण्या धर्मगुरूंना. दर वेळी एक नवा तपशील जोडायचा: तेव्हा मी हसले होते हे सांगायचं राहिलं, त्या पाटल्या घालून मी एका लग्नाला गेले होते हे राहिलं, पश्चात्ताप झाला तो तिच्यासाठी की पकडले जाण्याच्या भीतीनं, हे राहिलं. ह्या सगळ्याला मी भक्ती समजत होते. प्रत्येक वेळी बाहेर पडल्यावर दोन दिवस हलकं वाटायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

शेवटी एक म्हातारे फादर भेटले, कानानं थोडे कमी. मी सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ह्यात नवीन काय?" मी गप्प. म्हणाले, "तुमचं प्रायश्चित्त एवढंच की हे पाप पुन्हा कुठेही सांगायचं नाही. माझ्याकडे नाही, दुसऱ्या कुणाकडे नाही." मला वाटलं सुटले. पण पन्नास माळा दिल्या असत्या तर ते सोपं गेलं असतं, इतकं ते कठीण गेलं.

का, हे मला स्वयंपाकघरात कळलं. आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत देत नाहीत. तिनं खीर दिली तर वाटीत निदान साखर घालून द्यायची. लहानपणापासून अंगात मुरलेली रीत. देवानं क्षमा दिली तेव्हा माझ्या हातात त्याची वाटी होती आणि घालायला काहीच नव्हतं. म्हणून मी त्यात पुन्हा पुन्हा पश्चात्तापच घालून परत नेत होते. फुकट घेतलं असं वाटायला नको होतं मला. ती नम्रता नव्हती, चक्क ताठा होता.

इंदूर-उदयनगरच्या बाजूला सिस्टर रानी मारियांची हकीकत सगळ्यांना माहीत आहे. गावातल्या गरीब आदिवासी शेतकऱ्यांच्या बाजूनं उभ्या राहिल्या, म्हणून २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये त्यांच्यावर सुऱ्यानं वार झाले. पन्नासहून जास्त जखमा. २००२ मध्ये त्यांच्या सख्ख्या बहिणीनं, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. घरच्यांनीच त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला आणि २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच रानी मारियांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं, तेव्हा मीही गर्दीत मागे कुठेतरी उन्हात उभी होते.

प्रवचनात ही गोष्ट नेहमी सिस्टर सेल्मींच्या बाजूनं सांगतात, केवढं मोठं मन! खरंच आहे. पण मी त्या माणसाच्या मनगटाचा विचार करते. राखी बांधून घ्यायला हात पुढे करावा लागतो. ज्या हातानं बहीण मारली तोच हात तिच्या बहिणीपुढे धरायचा. आणि राखी बांधल्यावर भाऊ ओवाळणी घालतो. तो काय घालणार होता? 'मी ह्या लायकीचा नाही, तुम्ही परत जा' म्हणणं त्याला किती सोपं गेलं असतं, आणि ऐकणाऱ्याला ते किती नम्र वाटलं असतं. त्यानं हात पुढे केला. कुमसारानंतरचं सगळं काम एवढंच आहे.

आता करायचं कसं, ते सांगते.

प्रार्थनेच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर कुमसाराची तारीख लिहा. पाप लिहू नका, फक्त तारीख. माझ्या पुस्तकात एकच तारीख लाल शाईनं आहे.

आठवण येणारच. भांडी घासताना येईल, रात्री अडीचला येईल. आली की तिच्याशी वाद घालू नका, आणि 'मी तेव्हा नीट सांगितलं होतं ना?' ही उलटतपासणीही सुरू करू नका. 'येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे' हे एकदा म्हणा आणि हातातलं काम पुढे चालू ठेवा. एकदाच. दहा वेळा म्हटलंत की ती प्रार्थना राहत नाही, जिना चढून दूध बघायला येणं होतं.

एखादं पाप सांगायचं राहिलं असेल आणि ते लपवलेलं नसेल, तर त्याचीही क्षमा झालेली असते. गंभीर असेल तर पुढच्या कुमसारात एका वाक्यात सांगा. किरकोळ असेल तर सोडून द्या.

हलकं वाटण्याची वाट बघू नका. बऱ्याचदा काहीच वाटत नाही. क्षमा ही फादरांच्या शब्दांनी झाली, तुमच्या छातीतल्या गारव्यानं नाही. दुःख राहिलं तर राहू दे. धाकटीच्या स्वयंपाकघरातला तिचा चेहरा मला आजही दिसतो आणि आजही वाईट वाटतं. वाईट वाटणं वेगळं आणि क्षमा झाली की नाही अशी शंका घेत बसणं वेगळं. पहिलं माणुसकीचं आहे, दुसरं तुम्हाला आतून पोखरतं.

एकच फादर धरा. निरनिराळ्या चर्चमध्ये जाऊन एकाच जखमेची खपली काढत बसलात तर ती जन्मात भरणार नाही.

हल्ली एक सल्ला फार ऐकू येतो: 'स्वतःला माफ करा.' मला तो अजिबात पटत नाही. पाटल्या धाकटीच्या होत्या, आज्ञा देवाची मोडली होती. मी कोण मला माफ करणार? चर्चमध्ये असला कुठला संस्कारही नाही. दुसऱ्यानं दिलेली क्षमा घ्यायची असते, बस्स. स्वतःला माफ करायला गेलात की फिर्यादी, वकील आणि न्यायाधीश तिघेही तुम्हीच होता आणि खटला कधी संपत नाही. 'अजून एक नोव्हेना करून बघ' हा सल्लाही तसाच. नोव्हेना औषधाचा डोस नव्हे.

ह्या दुखण्यातून मोठमोठे गेलेत. लोयोलाचे संत इग्नेशियस १५२२ साली स्पेनमधल्या मोन्सेरातला तीन दिवस लागून आयुष्यभराचं कुमसार लिहून करून आले, आणि तरी मानरेसात महिनोन्‌महिने तीच जुनी पापं पुन्हा पुन्हा सांगत राहिले. जीव द्यावा असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. सुटले ते केव्हा? झालेल्या पापांचं कुमसार पुन्हा करायचं नाही, असं ठरवलं तेव्हा. ह्या दुखण्याचं लॅटिन नाव 'स्क्रुपुलस', म्हणजे 'लहान अणकुचीदार खडा', ह्या शब्दावरून आलं आहे. चपलेत शिरलेला खडा. माणूस थोर असो की लहान, लंगडतोच.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. हे तपासणं तासन्‌तास थांबत नसेल, जेवण-झोप उडाली असेल, कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघणं, हात पुन्हा पुन्हा धुणं असलंही सोबत असेल, तर मानसोपचाराच्या डॉक्टरकडे जा. फादरही तेच सांगतील. त्यात भक्तीला काही कमीपणा नाही. पाय मोडला तर आपण नोव्हेना करत प्लास्टर टाळत नाही.

दुसऱ्यावर दया

फॉस्टिनाबाईंच्या रोजनिशीत तीन वाटा दिल्या आहेत: कृती, शब्द, प्रार्थना. नऊ दिवसांत एकाच माणसाबाबत एकच गोष्ट करा. यादी करू नका. आमच्या मजल्यावरच्या काकू गुडघ्यांमुळे खाली उतरत नाहीत, गेली दोन वर्षं नोव्हेनाच्या दिवसांत त्यांची भाजी मी आणते. त्या पंढरीच्या वारकरी घराण्यातल्या. मी तीनला उठते हे त्यांना माहीत आहे, आणि कधी मला डुलकी लागली तर त्याच फोन करतात, "अहो, तुमची माळ!"

नंतर

दयेच्या रविवारनंतर माळ खणात ठेवलीत तरी चालेल. रोज चालू ठेवलीत तर उत्तमच. महिन्याभरानं पुन्हा कुमसाराला जा, पण ह्या महिन्यातलं घेऊन जा. माझं ह्या वेळचं तयार आहे: ईस्टरच्या फुलांच्या वर्गणीवरून एका बाईंना चारचौघांत जे बोलले ते. त्यांची माफी परवा मागून झाली. शनिवारी साडेपाचला फादर बसतात, रांग फारशी नसते.